अगदी छोट्या मॉडेल रॉकेटचा संच: पंख तिरपा बसला आहे, मोटर कोणती लावावी?

कोलंबसकर

नमस्कार. आम्ही ओहायो राज्यात कोलंबस येथे राहतो. माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या आग्रहावरून आम्ही एस्टेस कंपनीचा 'मॉस्किटो' हा मॉडेल रॉकेटचा संच घरी आणला. नावाप्रमाणेच हे यान डासाएवढे, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचे आहे. पुठ्ठ्याची एक बारीक नळी, एक नोजकोन (म्हणजे टोकाचा निमुळता भाग), बाल्सा लाकडाचे तीन पंख, मोटर (म्हणजे बारूद भरलेली, एकदाच वापरायची तयार नळी) आत सरकू नये म्हणून बसवायचे एक कडे आणि यान सुटताना त्याला सरळ धरणाऱ्या सळईवर, म्हणजे लाँच रॉडवर, ओवण्यासाठी स्ट्रॉसारखी एक नळकांडी, एवढाच त्यातील ऐवज आहे. इतके थोडे भाग पाहून हे काम तासाभरात आटोपेल असे मी गृहीत धरले आणि तिथेच माझी चूक झाली.

तीनपैकी दोन पंख आम्ही एकाच बैठकीत चिकटवले. गोंद ओघळेल या भीतीने मी तो थोडा अधिकच लावला, आणि सकाळी पाहिले तेव्हा एक पंख सरळ नसून किंचित तिरपा बसल्याचे लक्षात आले. तो काढून पुन्हा लावावा की तसाच राहू द्यावा, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की या संचात पॅराशूट नाही, रिबीनही नाही, आणि नोजकोन नळीला कायमचा चिकटवण्याची सूचना आहे. असे असताना यान खाली सुखरूप कसे येते, हे मला नीट उमगलेले नाही. मोटर म्हणून मी दुकानातून 'ए१०-३टी'चे पाकीट आणले आहे. आमच्या घराजवळचे मैदान साधारण ८० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असून तीन बाजूंना मेपलची उंच झाडे आहेत. एवढ्या जागेत ही मोटर चालेल का?

शेवटची गोष्ट अशी की डिसेंबरात आम्ही पुण्याला येणार आहोत आणि हे यान आजोबांसमोर उडवून दाखवायचे असा मुलीचा बेत आहे. तो कितपत व्यवहार्य आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

सुतारपक्षी

आपल्या प्रश्नातील 'थोडे भाग, म्हणून सोपे काम' हा समज बहुतेकांचा असतो, माझाही होता. मोठ्या यानात गोंदाचे चार थेंब अधिक पडले तरी काही बिघडत नाही, परंतु ज्या यानाचे रिकामे वजन तीन-चार ग्रॅम आहे, त्यात एक ग्रॅम गोंद म्हणजे चौथा हिस्सा झाला, आणि तोही नेमका शेपटीकडे, जिथे वजन नको असते तिथे.

प्रथम तिरप्या पंखाविषयी. 'तिरपा' या एका शब्दात दोन वेगळे दोष येतात आणि त्यांचे परिणामही वेगळे असतात. यान मागून पाहिले असता तीन पंखांमधील कोन प्रत्येकी १२० अंशांचे दिसायला हवेत. त्यात एखादा पंख चार-पाच अंश इकडेतिकडे कलला असेल, तर ते दिसायला वाईट दिसते, पण उड्डाणाला फारशी बाधा येत नाही. याउलट यान बाजूने पाहिले असता पंखाचे बूड नळीच्या लांबीला समांतर नसेल, म्हणजे पंखाचे पुढचे टोक एकीकडे आणि मागचे दुसरीकडे गेले असेल, तर तो पंख सुकाणूसारखा काम करतो. वाऱ्याचा झोत त्याच्यावर कोनातून आदळतो, यान स्वतःभोवती फिरू लागते, आणि तीनपैकी एकच पंख असा असेल तर ते मळसूत्रासारखी वेटोळी घेत वर जाते. आपला दोष पहिल्या प्रकारचा असेल तर तो तसाच राहू द्या. दुसऱ्या प्रकारचा असेल तर मात्र पंख काढावाच लागेल.

काढण्यासाठी ओढाताण करू नये. बाल्सा फाटते आणि नळीच्या कागदाचा वरचा थर उचकटून येतो. नव्या पात्याची धारदार सुरी पंखाच्या बुडाशी नळीला जवळजवळ समांतर धरून हलक्या हाताने पुढेमागे फिरवावी, म्हणजे गोंदाचा थर कापला जातो. हे काम अर्थातच आपण करावे, मुलीकडे देऊ नये. त्यानंतर दोन्ही पृष्ठभागांवरील जुना गोंद बारीक पॉलिशपेपरने घासून काढावा.

पुन्हा चिकटवण्यापूर्वी रेषा आखून घ्याव्यात. या नळीचा बाहेरचा व्यास १३.८ मिलिमीटर आहे, म्हणजे परीघ सुमारे ४३.४ मिलिमीटर. कागदाची एक पट्टी नळीभोवती गुंडाळून जिथे टोके जुळतात तिथे खूण करावी, पट्टी उलगडून त्या अंतराचे साडेचौदा-साडेचौदा मिलिमीटरचे तीन भाग करावेत आणि पट्टी पुन्हा गुंडाळून खुणा नळीवर उतरवाव्यात. नळीच्या लांबीला समांतर सरळ रेष मोजपट्टीने कधीच येत नाही, कारण गोल पृष्ठभागावर पट्टी घसरते. नळी दाराच्या चौकटीच्या खाचेत किंवा उघड्या ड्रॉवरच्या कोपऱ्यात टेकवावी आणि त्या कडेलगत पेन्सिल ओढावी. हा उपाय इतका साधा आहे की तो पहिल्याच दिवशी मला कोणी का सांगितला नाही, याचे मला अजूनही वैषम्य वाटते.

गोंद पिवळा वुड ग्लू वापरावा. भारतातील वाचकांसाठी सांगायचे तर फेविकॉलच्या जातीचा. फेविक्विकसारखा झटपट गोंद बाल्साला घट्ट धरतो हे खरे, परंतु पंख एकदा चुकीच्या जागी टेकला की तो सरळ करायला उसंत मिळत नाही, शिवाय मुलांची बोटे चिकटतात. वुड ग्लूची रीत अशी: पंखाच्या बुडाला आणि नळीवरील रेषेला अगदी पातळ थर लावावा, तो पूर्ण सुकू द्यावा, मग पंखावर दुसरा तितकाच पातळ थर लावून तो जागेवर टेकवावा. पहिल्या थराने लाकडाची आणि कागदाची छिद्रे भरलेली असल्याने दुसरा थर अर्ध्या मिनिटात पकड घेतो आणि पंख धरून बसावे लागत नाही. एका वेळी एकच पंख लावावा. सांध्यांवरून शेवटी बोटाने फिरवायचा गोंदाचा थरही नखाने पुसल्यासारखा बारीक असावा.

तिसरा पंख अजून लागलेला नाही, म्हणून एक गोष्ट आताच पाहून ठेवावी. बाल्साचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर, म्हणजे बुडाकडून टोकाकडे जाणारे असले पाहिजेत. संचातील पंख लेझरने कापलेले असल्यामुळे ते तसेच असतात, पण तुटलेल्या पंखाऐवजी घरी नवा कापताना लोक हे हमखास विसरतात. रेषे नळीला समांतर गेले तर पंख पहिल्याच आदळण्यात बुडापासून मोडतो.

गच्चीवरचा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. पंखांविषयी मला अधिक काही सांगायचे नाही. मोटरविषयी मात्र सांगायचे आहे, कारण आमचे पहिले छोटे यान आम्ही नेमके याच कारणाने गमावले.

मोटरच्या सांकेतिक नावातील अक्षर एकूण आवेग, म्हणजे रेटा गुणिले तो टिकण्याचा वेळ, दाखवते. 'ए' वर्गाचा एकूण आवेग १.२६ ते २.५० न्यूटन-सेकंद असतो आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होत जाते. 'ए'च्या खाली अर्धा-ए आणि पाव-ए असे वर्ग असून त्यांची कमाल मर्यादा अनुक्रमे १.२५ आणि ०.६२५ न्यूटन-सेकंद आहे. अक्षरानंतरचा आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो, आणि आडव्या रेघेनंतरचा आकडा इंधन संपल्यापासून मोटरच्या पुढच्या टोकाची छोटी स्फोटक पूड पेटेपर्यंत किती सेकंदांचा अवकाश आहे हे सांगतो. शेवटचा 'टी' म्हणजे १३ मिलिमीटर व्यासाची, ४५ मिलिमीटर लांबीची छोटी मोटर.

आता ढोबळ हिशेब करून पाहा. आपले यान चार ग्रॅमचे आणि मोटर सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकूण दहा ग्रॅम. येथे मोटरच यानापेक्षा जड आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाव-ए मोटरचा ०.६ न्यूटन-सेकंद आवेग ०.०१ किलोग्रॅमने भागला तर वेग येतो सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. हवेचा विरोध यातून बराच वजा होतो, परंतु ही या मापातील सर्वांत लहान मोटर आहे. आपण आणलेल्या ए१०चा आवेग याच्या जवळजवळ चौपट आहे. दहा सेंटिमीटरची वस्तू त्या वेगाने गेली तर 'फुस्स' असा आवाज ऐकू येतो, धुराची एक रेघ दिसते आणि यान कुठे गेले ते कोणालाही सांगता येत नाही. आमच्याकडे चार मोठी माणसे आणि पाच मुले आकाशाकडे पाहत उभी होती आणि नऊ जणांनी नऊ दिशांना बोटे दाखवली.

म्हणून ए१०चे पाकीट मोठ्या यानासाठी ठेवून द्यावे आणि पहिल्या उड्डाणाला पाव-ए३-३टी ही मोटर आणावी. अमेरिकेतील राष्ट्रीय रॉकेट्री संघटनेच्या सुरक्षा संहितेत मोटरच्या वर्गानुसार मैदानाची किमान रुंदी दिलेली आहे. पाव-ए आणि अर्धा-ए मोटरसाठी ती ५० फूट आणि 'ए'साठी १०० फूट आहे. आपले मैदान ६० मीटर, म्हणजे जवळजवळ २०० फूट रुंद आहे, तेव्हा 'ए'साठीही ते पुरते. परंतु संहितेतील आकडा सुरक्षिततेचा आहे, यान परत सापडण्याचा नव्हे. मेपलची झाडे तीन बाजूंना असताना मी अर्धा-एदेखील दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणापूर्वी लावणार नाही.

'सुतारपक्षी' यांना एक विनंती: रंगाचा मुद्दा राहिला आहे. मला असे वाटते की इतक्या लहान यानाला स्प्रेचे थरावर थर चढवू नयेत. भडक केशरी मार्करने रंगवले तरी पुरते आणि वजनही वाढत नाही.

सुतारपक्षी

मार्करची सूचना योग्य आहे. फक्त बाल्सावर मार्करची शाई फुटते, म्हणून आधी पंख गुळगुळीत घासून त्यावर पाण्यात पातळ केलेल्या वुड ग्लूचा एक हात फिरवावा. घासताना पुढची कड गोल आणि मागची कड निमुळती केली तर हवेचा विरोध कमी होतो. पण पंखाची बुडाची कड मात्र सपाटच राहिली पाहिजे, नाहीतर ती नळीवर टेकणार नाही.

आता परत येण्याविषयी, कारण तो प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. या यानात नोजकोन उघडत नाही, मोटरच बाहेर पडते. इंधन संपल्यावर धूर सोडणारा विलंबाचा थर जळत जातो, यान तोपर्यंत आपल्या वेगाने वर चढत राहते, आणि मग मोटरच्या पुढच्या टोकाची पूड पेटून वायू नळीत शिरतो. नोजकोन चिकटवलेला असल्यामुळे वायूला वाट मिळते ती मागूनच, आणि तो मोटरला बाहेर ढकलतो. सहा ग्रॅमची मोटर निघून गेली की उरलेल्या तीन-चार ग्रॅमच्या यानाचा तोल बिघडतो आणि ते वाळलेल्या पानासारखे गिरक्या घेत खाली येते. पॅराशूट नसल्यामुळे ते जळू नये म्हणून भरायच्या अग्निरोधक कागदाचीही येथे गरज नाही.

याचा अर्थ असा की मोटर नळीत किती घट्ट बसते यावर सर्व काही अवलंबून आहे. पुढे सरकण्याची धास्ती नाही, ते काम आतले कडे करते. म्हणून ते कडे मात्र भरपूर नसला तरी पुरेसा गोंद लावून पक्के बसवावे. मोटर मागून बोटांनी सहज ओढता आली पाहिजे आणि यान उभे धरून हलकेच हलवले तर ती आपोआप पडता कामा नये. सैल असेल तर मास्किंग टेपचा एखादा अरुंद तुकडा मोटरभोवती लावावा. मोठ्या यानांची सवय असलेले लोक येथे टेप गच्च गुंडाळतात, मोटर आतच अडकून राहते, आणि यान नाक खाली करून भाल्यासारखे जमिनीत घुसते. दहा ग्रॅमचा भाला असला तरी तो डोक्यावर घेण्याची इच्छा कोणालाच नसावी.

कोलंबसकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमचा दोष दुसऱ्या प्रकारचा निघाला. म्हणून पंख कापून काढला आणि दाराच्या चौकटीत रेषा आखून तो आणि राहिलेला तिसरा पंख नव्या रीतीने बसवले. स्वयंपाकघरातील काट्यावर यान कधी तीन ग्रॅम तर कधी पाच दाखवत होते, म्हणून दागिने तोलण्याचा छोटा काटा मागवला. त्यावर वजन ४.१ ग्रॅम भरले. पाव-ए मोटर घालून यान दोऱ्यावर आडवे तोलले तेव्हा तोल नाकाच्या टोकापासून ६८ मिलिमीटरवर साधला. नंतर दोरा त्याच जागी टेपने बांधून डोक्यावर गोल फिरवून पाहिले. तीनपैकी दोन वेळा यान नाक पुढे करून फिरले आणि एकदा आडवेच फिरत राहिले. आता हे यान स्थिर समजावे की अस्थिर? नोजकोन अजून चिकटवलेला नाही.

जुना खिळा

नोजकोन चिकटवला नाही हे फार उत्तम केले, कारण उपाय तिथूनच करायचा आहे.

यानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे आपण दोऱ्यावर साधलेला तोलाचा बिंदू, हा त्याच्या दाबमध्याच्या पुढे असावा लागतो. दाबमध्य म्हणजे ज्या बिंदूवर हवेचा सारा आडवा दाब एकवटला आहे असे मानता येते तो बिंदू. पंख मोठे आणि मागे असतील तितका तो मागे सरकतो. या दोन बिंदूंमध्ये निदान नळीच्या व्यासाइतके अंतर असावे असा या छंदातील संकेत आहे, म्हणजे आपल्या बाबतीत चौदा मिलिमीटर. दिवाळीतला बाण ज्यांनी बाटलीत उभा करून उडवला आहे, त्यांना हे तत्त्व नकळत माहीत असते. बाणाला पंख नसतात. त्याची लांब काठीच हवेचा दाब मागे खेचून बाणाला सरळ ठेवते, आणि काठी मोडलेला बाण कोणाच्या गॅलरीत शिरेल याचा भरवसा नसतो. पंखांच्या यानांसाठी दाबमध्य गणिताने काढण्याची रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मांडली आणि आजची बहुतेक संगणकीय साधने तीच रीत वापरतात.

दोऱ्याची चाचणी ही कडक परीक्षक आहे. यान आडवे असताना फिरवायला सुरुवात केली तर हवा त्याच्यावर बाजूने आदळते, आणि प्रत्यक्ष उड्डाणात असा प्रसंग सहसा येत नाही. त्यामुळे या चाचणीत उत्तीर्ण झालेले यान निर्धास्तपणे उडवावे. पण अनुत्तीर्ण झालेले यान अस्थिरच असते, असे मात्र म्हणता येत नाही. आपल्या तीनपैकी दोन वेळांचा अर्थ माझ्या मते असा की यान बहुधा सरळ जाईल, परंतु हातात उपाय असताना 'बहुधा'वर थांबण्याचे कारण नाही.

अर्धा ग्रॅम मॉडेलिंग क्ले घ्या आणि नोजकोनच्या बुडाशी आतून दाबून बसवा. ती जागा टोकापासून साधारण २५ मिलिमीटरवर येईल, म्हणजे गुरुत्वमध्याच्या ४३ मिलिमीटर पुढे. अर्धा गुणिले ४३ भागिले नवे एकूण वजन साडेदहा, म्हणजे गुरुत्वमध्य दोन मिलिमीटर पुढे सरकेल. आता याच्याशी तुलना करा: पंखांच्या बुडाशी, गुरुत्वमध्याच्या दोन सेंटिमीटर मागे, एक संपूर्ण ग्रॅम गोंद जास्त पडला असता तर तो दोन मिलिमीटरांहून थोडा कमीच मागे सरकला असता. पुढच्या टोकाचे वजन लांबच्या तरफेवर असते, म्हणून ते थोडके लागते. क्ले लावताना अधिक बरे असे वाटून गोळाच भरू नका. गिरक्या घेत खाली येताना यान हलके असणे हेच त्याचे पॅराशूट आहे.

उड्डाणाच्या दिवशी काय करावे ते थोडक्यात सांगतो. तीन मिलिमीटर जाडीचा लाँच रॉड उभा असावा. वाऱ्यासाठी तो थोडा कलवता येतो, पण उभ्या रेषेपासून ३० अंशांपलीकडे कधीही नाही. वारा ताशी ३२ किलोमीटरहून अधिक असेल तर घरी परतावे असे संहिता सांगते. इतक्या हलक्या यानासाठी मी त्याच्या तिसऱ्या हिश्शालाच परततो. रॉडखाली धातूची ताटली हवी, भोवतीचे वाळलेले गवत काढलेले हवे आणि पाण्याची बादली जवळ हवी. इग्निटरचे, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या विजेच्या तारेचे, टोक मोटरच्या छिद्रात आतल्या इंधनाला टेकेपर्यंत जायला हवे. ते अर्ध्यावर राहिले तर तार लाल होते आणि मोटर पेटत नाही. सर्वांनी निदान पाच मीटर दूर उभे राहावे आणि दुरून मोटर पेटवणाऱ्या नियंत्रकाची सुरक्षा-किल्ली उड्डाणाच्या क्षणापर्यंत आपल्या खिशात असावी. मोटर पेटली नाही तर किल्ली काढून पूर्ण ६० सेकंद थांबावे. लहान मुलांना हे साठ सेकंद उड्डाणापेक्षा मोठे वाटतात, म्हणून आम्ही ते मोठ्याने उलटे मोजतो.

रॉडवरून यान सुटताना त्याला पुरेसा वेग मिळेल का, ही काळजी येथे करू नये. सरासरी तीन न्यूटन रेटा आणि साडेदहा ग्रॅम वजन, म्हणजे रेटा वजनाच्या जवळजवळ तीसपट होतो. मोठ्या यानांत पाचपट मिळाली तरी आम्ही समाधानी असतो.

संत्रानगरी

डिसेंबरच्या बेताविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. हे यान पुण्याला अवश्य आणा. मोटर मात्र आणू नका. मॉडेल रॉकेटच्या मोटरा विमानात हातातील सामानातही चालत नाहीत आणि तपासणी होऊन पोटात जाणाऱ्या सामानातही चालत नाहीत. टपालाने परदेशी पाठवण्याचा विचारही करू नये. इग्निटरच्या टोकावरही ज्वालाग्राही लेप असतो, म्हणून तेही तिकडेच ठेवावेत. भारतात काळ्या बारूदीचा समावेश १८८४च्या स्फोटक कायद्यात आणि २००८च्या स्फोटक नियमांत होतो, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे. तेव्हा 'घरगुती प्रयोग' म्हणून याकडे कोणी कौतुकाने पाहील अशी अपेक्षा ठेवू नये.

येथे हमखास निघणारी एक सूचना आधीच खोडून काढतो, ती म्हणजे फटाक्यांतील दारू काढून मोटर स्वतः भरण्याची. ती कोणीही अमलात आणू नये. हा छंदच मुळी त्या अपघातांवरचा उपाय म्हणून जन्माला आला आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतील मुले घरी नळ्यांमध्ये दारू ठासून हात भाजून घेत होती. नेब्रास्कातील नॉरफोक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल हे चपलांचे दुकान चालवणारे गृहस्थ. त्यांनी १९५४ साली तयार, बंद आणि एकदाच वापरायच्या मोटरवर उडणारे छोटे यान बनवले आणि पुढे ते व्हाइट सँड्स येथे क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या हॅरी स्टाइन यांच्याकडे पाठवले. स्टाइन यांनी १९५७ साली राष्ट्रीय संघटनेची पायाभरणी केली, आणि मोटरांची मागणी हाताने भागेना तेव्हा व्हर्न एस्टेस यांनी त्या भरणारे यंत्र तयार केले. त्या यंत्राचे नाव 'मेबल'. कोलंबसकरांच्या हातातील संच ज्या कंपनीचा आहे, ती याच एस्टेस यांनी सुरू केलेली. म्हणजे कागदाची नळी आणि बाल्सा कोणीही कापावी, पण दारूला हात लावू नये, या एकाच अटीवर हा छंद उभा आहे.

आजोबांसमोर काही उडवायचेच असेल तर पाण्याचे रॉकेट करा. दोन लिटरची शीतपेयाची बाटली घ्यावी, साध्या पाण्याची नको, कारण पाण्याच्या बाटल्या पातळ असतात आणि त्या दाबासाठी बनवलेल्याच नसतात. बाटलीत एक तृतीयांश पाणी, तोंडाला घट्ट बूच, त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि दाब दाखवणारा पायपंप इतके पुरे. दाब तीन ते चार बारच्या पुढे नेऊ नये, ओरखडे पडलेली बाटली वापरू नये आणि बाटली धरून ठेवणारा खटका लांब दोरीने दुरून ओढावा. पंख पुठ्ठ्याचे, नाकात थोडी क्ले, आणि तोल तपासण्याची रीत वर सांगितली तीच. आपल्या मुलीला दोऱ्याची चाचणी आता येत असल्याने ती पुण्यातील भावंडांना हे शिकवू शकेल. अंगावर पाणी उडते, याचा मुलांना विशेष आनंद होतो.

कोलंबसकर

उड्डाण झाले, म्हणून वृत्तान्त देत आहे. उद्यानाच्या कार्यालयाची परवानगी आणि स्थानिक अग्निशमन विभागाचा होकार आधी घेतला. क्ले अर्धा ग्रॅमच भरली. तोल ६६ मिलिमीटरवर आला आणि दोऱ्यावर यान पाचही वेळा नाक पुढे करून फिरले. पहिल्या प्रयत्नात मोटर पेटलीच नाही. साठ आकडे उलटे मोजून झाल्यावर पाहिले तेव्हा इग्निटर अर्ध्यातच अडकला होता. दुसऱ्या वेळी तो नीट आत घातला आणि यान सरळ वर गेले, वेटोळी न घेता. 'टप्' असा आवाज मुलीने ऐकला. मला तो ऐकू आला नाही. मोटर आमच्यापासून वीस पावलांवर पडली आणि यान तिच्याही पलीकडे, गवताच्या पात्यांवर जवळजवळ अलगद उतरले. केशरी रंग नसता तर मी त्यावर पाय दिला असता.

तिसऱ्या उड्डाणात तीनपैकी एका पंखाचे टोक मोडले. नेमका तोच पंख, जो आम्ही पुन्हा बसवला होता. पण सांधा शाबूत आहे, लाकूड मोडले आहे. नवा पंख कापण्यासाठी किती जाडीची बाल्सा घ्यावी?

सुतारपक्षी

शाबूत असलेल्या पंखाइतकीच. दुकानात जाताना मोडलेला तुकडा बरोबर न्यावा. आणि रेषे पुढच्या कडेला समांतर.